आरसीसीबी सारखा पडतो आणि फॉल्ट सापडत नाही : आधी न्यूट्रल बघा

तक्रार बहुतेक घरी एकच असते. विजेच्या जुन्या पेटीत नवा आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवला आणि तेव्हापासून तो पडायला लागला. कधी मिक्सर लावल्यावर पडतो, कधी जिन्यातला दिवा लावल्यावर, तर कधी घरात काहीच चालू नसताना. मग गीझर काढून बघतात, मोटर काढून बघतात आणि शेवटी ‘पीसच खराब असेल’ म्हणून आरसीसीबी बदलतात. नवा पीसही तसाच वागतो. कंटाळून कुणीतरी त्याला बायपास मारतो, आणि पेटीत तो नुसता शोभेला राहतो.

पीस खराब निघणं क्वचित घडतं. सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत, पेठेतल्या वाड्यात किंवा मूळ दोन खोल्यांवर मजला चढवत गेलेल्या बंगल्यात, दोष बहुतेक वेळा न्यूट्रलमध्ये असतो. शोधणारा मात्र फेज तपासत बसतो.

तो कशामुळे पडतो

दुकानात अजूनही सगळे आरसीसीबीला ईएलसीबीच म्हणतात. आत एक कॉइल असते, तिच्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजमधून गेला तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत आला की तो गप्प बसतो. फरक पडला की तो उडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, पण तो बरोब्बर तिसावरच पडेल असं नाही. प्रमाणानुसार त्याने १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडायचं असतं, म्हणून २० ला पडणारा पीसही चांगलाच.

२३० व्होल्टवर ३० मिलिअँपिअर म्हणजे जेमतेम ७ वॉट. म्हणजे कुठे लीकेज नसलं, अर्थिंगला काही टेकलेलं नसलं, तरी एका ९ वॉटच्या एलईडी बल्बचा न्यूट्रल चुकीच्या लिंकवर (पेटीत न्यूट्रल वायर जोडायच्या पट्टीवर) असला की पुरे. बल्ब लावला की आरसीसीबी पडणारच.

हात घालण्याआधी

पेटीतलं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं. खालचा क्रम त्याच्यासाठी आहे, आणि तो काय करतोय हे घरमालकाला कळावं म्हणूनही. मीटरचं सील तोडायचं नाही. मीटरनंतरचा डीपी एमसीबी (ओव्हरलोड-शॉर्टला पडणारा आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डबल पोल स्विच) किंवा मेन स्विच खाली करायचा आणि मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजायचं. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा नको.

इन्व्हर्टरचं भान इथेच ठेवा. आरसीसीबी पडला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो आपल्या लाइनवर २३० व्होल्ट सोडतो. मेन बंद असला तरी पेटीतल्या त्या वायरवर फेज असतो. इन्व्हर्टरचा स्विच बंद करा, प्लग काढा, आउटपुटची वायरही सोडवा, मगच पुढे.

पहिली चाचणी : सगळे एमसीबी खाली

आरसीसीबीचा खटका काही मॉडेलमध्ये पडल्यावर मध्येच अडकतो. तो आधी पूर्ण खाली दाबायचा, मग वर. ‘बसतच नाही’ अशी तक्रार कधीकधी एवढ्यावर मिटते.

आता सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पडेल त्या सर्किटचे सगळे प्लग काढा आणि पुन्हा बघा. प्लग काढल्यावर टिकला तर दोष उपकरणात आहे, नाहीतर वायरिंगमध्ये. इथवर सगळ्यांनाच माहीत असतं.

गाडी अडते ती पुढच्या दोन प्रकारांत. एक, सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडतो. दोन, प्रत्येक वेळी वेगळ्याच एमसीबीवर पडतो, आज हॉलच्या तर उद्या किचनच्या. हे दोन्ही न्यूट्रलकडे बोट दाखवतात. घरातले एमसीबी सिंगल पोलचे असतात, ते फक्त फेज तोडतात. एमसीबी खाली असला तरी त्या सर्किटचा न्यूट्रल लिंकला जोडलेलाच असतो, आणि त्यातला दोष जिथल्या तिथे राहतो.

पुढे जाण्याआधी आरसीसीबीवरचा संशय एकदाच मिटवून टाका. मेन बंद करून आरसीसीबीच्या आउटगोइंगच्या (घराकडे जाणाऱ्या) दोन्ही वायर काढा आणि टोकांना टेप लावा. मेन चालू करून आरसीसीबी वर करा. तो टिकला आणि टेस्ट बटण दाबल्यावर पडला, तर पीस ठीक आहे. आउटगोइंग मोकळं असूनही टिकत नसेल, किंवा सप्लाय असून टेस्टवर पडत नसेल, तरच बदला.

न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले

जुन्या घरात मेन बोर्डापासून एक न्यूट्रल निघायचा आणि खोलीखोलीतून लूप होत पुढे जायचा. नंतर वर मजला चढला, मागे बाथरूम झालं, तेव्हा जवळच्या बोर्डातून मिळेल तो न्यूट्रल उचलला गेला. पेटीत साध्या एमसीबी होत्या तोवर याने काहीच बिघडत नव्हतं. आरसीसीबी आल्यावर बिघडतं. पेटीत अर्धी सर्किटं आरसीसीबीनंतर आणि अर्धी त्याआधी असली, किंवा दोन मजल्यांना दोन वेगळे आरसीसीबी असले, की एकाच्या फेजचा करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परत जातो.

शोधायची पद्धत अशी. मेन बंद, सगळे एमसीबी खाली, सगळे प्लग बाहेर. न्यूट्रल लिंकवरच्या सगळ्या वायर काढा, पण काढण्याआधी प्रत्येकीवर टेपचा तुकडा लावून एमसीबीचा नंबर लिहा. हा कंटाळा केला की पुढचा तास वायरी ओळखण्यात जातो. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एका न्यूट्रलला एक टोक लावा आणि दुसरं बाकीच्या प्रत्येक न्यूट्रलला. वेगळी सर्किटं असतील तर बीप येता कामा नये. ज्या दोघांत बीप येईल ते भिंतीत कुठेतरी जोडलेले आहेत.

कुठे, ते शोधायला दोन्ही सर्किटं जिथे एकत्र येतात त्या जागा बघा : जिन्यातला टू-वे स्विच, बाथरूमबाहेरचा एकत्र बोर्ड, छताजवळचा जंक्शन बॉक्स. टू-वेवर विशेष लक्ष द्या. खालच्या बोर्डातून फेज आणि वरच्या बोर्डातून न्यूट्रल घेऊन जिन्यातला दिवा जोडलेला अनेक घरांत सापडतो. त्या दिव्याला फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे दिले की भानगड मिटते.

भिंत फोडल्याशिवाय न्यूट्रल वेगळे होतच नसतील तर त्या दोन्ही सर्किटांचे फेज एकाच आरसीसीबीखाली आणा आणि न्यूट्रलही त्याच्याच लिंकवर घ्या. दोघांना मिळून एकच एमसीबी ठेवणं त्याहून चांगलं, म्हणजे सामाईक न्यूट्रलवर दोन एमसीबींचा लोड चढत नाही. हा मार्ग देखणा नाही, पण तो चालतो.

थ्री फेज कनेक्शनला फोर पोल आरसीसीबी असेल तर तो तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्रच मोजतो, त्यामुळे त्याच्या खाली न्यूट्रल आपसात मिसळले तरी तो त्या कारणाने पडत नाही. प्रत्येक फेजला वेगळा टू पोल लावला असेल तर तिन्हींच्या न्यूट्रल लिंक वेगळ्याच हव्यात.

‘लाइट आली की पडतो’

वीज नसताना इन्व्हर्टरवर सगळं सुरळीत, आणि वीज आल्या क्षणी आरसीसीबी खाली. इन्व्हर्टरचा प्लग आरसीसीबीनंतरच्या सॉकेटमध्ये असतो, पण त्याच्यावर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल आरसीसीबीआधीच्या लिंकवर राहिलेला असतो. वीज आली की इन्व्हर्टर बायपासवर जातो, फेजचा करंट आरसीसीबीतून येतो आणि परत जाताना त्याला वगळून जातो.

इलाज : इन्व्हर्टरचा इनपुट आणि त्याच्या लोडचे फेज-न्यूट्रल, सगळं एकाच आरसीसीबीच्या पुढे घ्यायचं. वीज गेलेली असताना मात्र इन्व्हर्टरच्या लाइनवर मेन आरसीसीबी आपल्याला वाचवेल हे गृहीत धरू नका. तो पडला तरी इन्व्हर्टरचा आउटपुट तुटत नाही.

न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला

घरात काही चालू नाही, तरी संध्याकाळी सात-साडेसातला पडतो आणि पहाटे बिनतक्रार बसतो. हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. कारण साधं आहे. संध्याकाळी गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा लोड वाढला की न्यूट्रल आणि जमीन यांच्यात दोन-तीन व्होल्टचा फरक तयार होतो. आपल्या घरात न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकला असेल तर तेवढ्या व्होल्टलाही वाट मिळते. आपलं अर्थिंग २० ओहमचं धरलं तर ०.६ व्होल्टला ३० मिलिअँपिअर झाले. म्हणजे पाडणारा लोड शेजाऱ्याचाही असू शकतो.

लिंकवरून काढलेला प्रत्येक न्यूट्रल अर्थ बसबारशी (अर्थच्या वायर जोडायच्या पट्टीशी) ओहमवर मोजा. चांगल्या वायरिंगमध्ये मीटर काहीच दाखवत नाही. दहा-वीस किंवा शे-दोनशे ओहम दिसले की तेच सर्किट. मग त्याचे बोर्ड एकेक करून उघडा. मेटल बॉक्सच्या स्क्रूने वायरचं इन्सुलेशन कापलेलं असतं, थ्री पिन सॉकेटमागे अर्थ आणि न्यूट्रल चिकटलेले असतात, ट्यूबच्या पट्टीत वायर चेपलेली असते. आणखी एक करामत म्हणजे अर्थिंगची वायर ओढायचा कंटाळा करून सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थच्या पिनला मारलेली तार. ती दिसल्या क्षणी काढा. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला तर याच तारेने फ्रिजच्या अंगावर पूर्ण व्होल्टेज येतं.

आता फेजची बाजू

गीझर. पडतो, पण लगेच नाही, पाच-दहा मिनिटांनी. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. नळीला बारीक चीर गेली किंवा टोकाचं सील सुटलं की ती पूड ओल धरते. उन्हाळाभर बंद असलेला गीझर पावसाळ्यात पहिल्यांदा लावल्यावर पडतो तो यामुळे. जत, आटपाडी, माण, खटावकडे बोरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार चढतो, नळी जास्त तापते आणि लवकर फुटते. एलिमेंट बदलायचं. गीझरला डीपी स्विच नसेल तर तोही लावून घ्या, कारण सिंगल पोल स्विच बंद केला तरी एलिमेंट न्यूट्रलकडून जोडलेलंच राहतं.

याच ठिकाणी एक जीवघेणा ‘इलाज’ चालतो : गीझरची अर्थ वायर काढून ठेवायची किंवा प्लगची जाड पिन कापायची. पडणं थांबतं खरं. पण लीकेज तसंच राहतं, त्याला फक्त वाट मिळत नाही. ती वाट पुढे नळाला हात लावणारा माणूस देतो. ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा पीस टाकून पडणं थांबवणंही याच जातीचं. तसला आरसीसीबी आगीपासून थोडंफार वाचवेल, माणसाला नाही.

बोरची मोटर. पाण्यात बुडालेल्या केबलचे जोड आणि जुनी वाइंडिंग यांतून थोडं लीकेज कायमच होत असतं आणि वर्षागणिक वाढत जातं. मोटर घराच्या आरसीसीबीवर ठेवली की रोज सकाळी घराची वीज जाते. तिला स्वतंत्र आरसीसीबी द्या. मोटर वर काढायची की नाही ते स्टार्टरजवळ केबल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) ठरवा. आकडा १ मेगाओहमच्या खाली येत असेल तर जोड नाहीतर वाइंडिंग गेलेली आहे. गोठ्यातल्या कडबाकुट्टीलाही असाच वेगळा आरसीसीबी हवा.

पावसाची ओल. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हीच मुख्य तक्रार. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांनी पडतो आणि दोन दिवस ऊन मिळालं की आपोआप बरा होतो. गेटवरचा दिवा, टाकीचा फ्लोट स्विच, गच्चीवरचा पॉइंट आणि बाहेरची बेल या चार जागा आधी. बॉक्स आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न घेणारा) घ्या, केबल त्यात खालूनच ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) न्या, वरून कधीच नको. स्लॅबमधल्या पाइपात पाणी साचत असेल तर त्या लाइनचा नाद सोडून भिंतीवरून नवी लाइन ओढलेली बरी.

मल्टिमीटरच्या मर्यादेचंही इथे ध्यान ठेवा. आरसीसीबी पाडायला फेज आणि अर्थमध्ये साधारण १५ हजार ओहमच्या खालची वाट लागते. ती कायमची असेल तर मल्टिमीटर दाखवतो. पण त्याच्या बॅटरीच्या काही व्होल्टवर ओल झोपलेली असते, ती २३० वर जागी होते. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगरच लागतो. मेगर मारताना टीव्ही, एलईडी, इन्व्हर्टर, रेग्युलेटर सगळं सोडवलेलं असलं पाहिजे, नाहीतर फॉल्ट सापडेल पण टीव्ही जाईल.

पुराच्या पाण्यातून गेलेलं वायरिंग

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्या घरांत शिरलं तिथे हा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. पाणी ओसरतं, पण पाइपात गाळ राहतो. तो वाळला तरी दर पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतो आणि लीकेज पुन्हा सुरू होतं. बुडालेला आरसीसीबी आणि एमसीबी धुऊन, उन्हात वाळवून परत लावायचे नाहीत, टेस्ट बटणावर पडत असला तरी नाही. बुडालेले स्विच-सॉकेट टाकून द्या. त्या पाइपातल्या वायर ओढून काढा, पाइप स्वच्छ करा आणि नव्या घाला.

नव्याने करताना तळमजल्याची सर्किटं वरच्या मजल्यापासून पूर्ण वेगळी ठेवा, न्यूट्रलसकट, आणि पेटी गेल्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. सखल भागात पाणी चाळिसाकडे सरकायला लागलं की, ते दारात यायची वाट न बघता, तळमजल्याचे एमसीबी आणि त्यांचा आरसीसीबी खाली करून ठेवावा.

अर्थिंगबद्दलचा गैरसमज

‘अर्थिंग चांगलं नाही म्हणून आरसीसीबी पडतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. उलट आहे. अर्थिंग खराब असेल तर आरसीसीबी कमी पडतो, कारण लीकेजला जमिनीत जायची वाट नसते. अर्थिंग नवं केल्यावर तो जास्त पडायला लागला तर आधीचं लपलेलं लीकेज आता दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ.

अर्थिंग चांगलं असलं तरी आरसीसीबी का लागतो, ते आकड्यात बघा. साताऱ्याच्या बाजूला मुरूम आणि खाली काळा दगड. तिथे अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम आला तर फॉल्टमध्ये वाहील ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर हलणारही नाही आणि वॉशिंग मशीनचं अंग धोकादायक व्होल्टेजवर राहील. सांगलीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात आकडा चांगला येतो, पण मे महिन्यात भेगा पडून माती पाइपपासून सुटते. म्हणून मोजायचं ते उन्हाळ्यात. खड्ड्यात पाणी घालणंही तेव्हाच कामाचं.

टेस्ट बटण आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. अर्थिंगची वायर मुळातच नसली तरी बटणावर तो पडतो.

बसवताना

साधं सिंगल फेज घर असेल तर लागतो तो टू पोल, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा, आयएस १२६४० चा आयएसआय मार्क असलेला आरसीसीबी. त्याच्या आधी ३२ अँपिअरचा डीपी एमसीबी हवाच. आरसीसीबीला ओव्हरलोड आणि शॉर्ट कळत नाही, आणि त्याचा आकडा वरच्या एमसीबीपेक्षा कमी नसावा. मधल्या जोडण्या ६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरने करा, टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून. आरसीसीबीवर ‘एन’ लिहिलेल्या जागीच न्यूट्रल. काही मॉडेलवर इनकमिंगची बाजू ठरवून दिलेली असते, ती पाळली नाही तर टेस्टचा रेझिस्टर जळतो.

न्यूट्रल लिंक दोन घ्या, एक आरसीसीबीआधीची आणि एक नंतरची. दोन्ही बॉडीपासून इन्सुलेटेड हव्यात, आणि नंतरच्या लिंकवरून अर्थ बसबारला एकही तार जाता कामा नये. यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओत पांढऱ्या शेपटीचा ब्रेकर दिसतो. तो १२० व्होल्टच्या सिस्टिमचा आणि साधारण ५ मिलिअँपिअरला पडणारा असतो. तिथे मुख्य पेटीत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले दिसतात, ते बघून आपल्या पेटीत करू नका.

पेटीत जागा असेल तर गीझर, वॉशिंग मशीन आणि बाहेरच्या दिव्यांना वेगवेगळे आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच पीसमध्ये) द्या. खर्च वाढतो, पण रात्री घरभर अंधार होत नाही आणि दोष कुठल्या लाइनवर आहे ते पेटी उघडताच कळतं. एकापुढे एक दोन ३० मिलिअँपिअरचे लावून उपयोग नाही, दोन्हीपैकी कुठलाही पडू शकतो. मेनला लावायचाच असेल तर १०० मिलिअँपिअरचा, उशिरा पडणारा एस टाइप लावा.

तरीही पडतोच

फेज, न्यूट्रल, ओल सगळं तपासून झालं आणि तरी महिन्यातून दोन-तीनदा पडतो, तर लीकेजची बेरीज करा. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडा करंट अर्थिंगला जातच असतो. लीकेज क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून मोजा. नेहमीच्या लोडवर आकडा ९-१० मिलिअँपिअरच्या वर असेल तर आरसीसीबी आधीच निम्म्या वाटेवर उभा आहे, छोट्याशा निमित्तानेही तो पडणार. सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटून द्या. वळिवाच्या विजेने पडणं हाही यातलाच प्रकार. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा पीस) आरसीसीबीच्या आधी बसवला तर ते बरंच कमी होतं.

आणि नवा आरसीसीबी घेताना एसी टाइप (फक्त अल्टरनेटिंग करंटची गळती ओळखणारा) न घेता ए टाइप मागून घ्या. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनच्या फॉल्टमध्ये तुटक डीसी असतो, तो एसी टाइपला नीट कळत नाही. दुकानदार विचारल्याशिवाय बहुधा एसी टाइपच काढून देतो. बाजूवर छापलेल्या चिन्हात नुसती लाट असेल तर तो एसी टाइप, लाटेखाली तुटक अर्धी लाटही असेल तर ए टाइप.